गाठोड्यातला तरवड

लग्न होऊन जिंतूरला आले तेव्हा घरात दोनच गोष्टी मुबलक होत्या, जुने पेपर आणि वाळलेलं गवत. बाकी सगळं बेताचं. एक खोली, मागं पडवी, वर पत्रे आणि एक लोखंडी पलंग. पलंगाखाली नव्या नवरीनं आपली ट्रंक सरकवावी म्हटलं तर जागा नाही. तिथं लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, त्यांच्यामधे पेपरांची चळत, पेपरांच्या घड्यांत झाडंझुडपं आणि सगळ्यावर वजन म्हणून पाटा. पाटा म्हणजे वाटणाचा. मला चटणी वाटायची असली की आधी ह्यांना विचारावं लागे, पाटा मोकळा आहे का म्हणून.

हे तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. ह्यांनी पीएच.डी.ला विषय घेतला होता परभणी जिल्ह्यातल्या रानझाडांचा. तेव्हा जिल्हा मोठा होता, हिंगोली-कळमनुरीही आमच्यातच. पेरलेलं, लावलेलं काही घ्यायचं नाही. बांधावर, माळावर, नदीच्या काठाला आपोआप जे उगवतं आणि कुणालाच नको असतं, तेवढंच घ्यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. माझ्या माहेरी सगळ्यांना वाटलं होतं, जावई काहीतरी मोठा शोध लावतोय.

पण काम मोठं किचकट होतं. झाड मुळासकट, फुलासकट आणायचं. पेपरात पसरायचं, एखादं पान उलटं करायचं म्हणजे मागची बाजूही दिसावी. सोबत चिठ्ठी: गाव, दिवस, माती कसली, गावातली माणसं त्याला काय म्हणतात. मग दाब द्यायचा. आणि रोज पेपर बदलायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं. झाडातलं पाणी पेपर पितो. तो ओला पेपर तसाच राहिला तर झाड काळं पडतं, बुरशी धरते, सगळी मेहनत वाया. हे पेपर बदलायचं काम माझ्याकडे कधी आलं ते मलाही कळलं नाही. शाळेतून आले की पोळपाट काढायच्या आधी पेपर बदलायचे आणि ओले पेपर अंगणातल्या दोरीवर टाकायचे. शेजारची बाई विचारायची, तुमच्यात पेपर धुऊन वाचतात का. मी म्हणायची, हो, स्वच्छ बातम्या आवडतात आम्हांला.

सासूबाई पूर्णेच्या काठाला, आमच्या गावी राहायच्या. हे त्यांना माय म्हणायचे, म्हणून मीही माय म्हणू लागले. मायचा नवरा लवकर गेला होता. दुसऱ्यांच्या रानात निंदण-खुरपण करून तिनं ह्यांना शिकवलं. एकदा ती आमच्याकडे आली आणि पलंगाखालची चळत हे उघडत असताना शेजारी येऊन बसली. आघाडा, माका, कुर्डू, तरोटा, सगळी तिची रोजची मंडळी निघाली. तिनं वाकून एकेक पारखलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जलमभर मी हेच उपटून बांधावर टाकलं. अन् ह्यो त्येलाच पेपर पांघरून निजवायलाय." आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. तसं हसणं पुढं आमच्या घरात फारसं झालं नाही.

पावसाळ्यात आमचे पत्रे गळायचे. गावी मायच्या घरावर ह्यांनी नुकतेच नवे पत्रे टाकून दिले होते. म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्याआधी हे दोन वर्षांची जमवलेली झाडं गावी ठेवून आले. झाडं जाळ्यांमधे घालून, सुतळीनं करकचून बांधून एका कोपऱ्यात. दुसऱ्या कोपऱ्यात कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा, मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात नीट गाठ मारून. पेपरांना ओल लागू नये म्हणून ते फडक्यात. एवढाच त्यातला फरक.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाचं नामांतर करायचा ठराव मुंबईत झाला. आमच्या वस्तीत ज्यांची तसबीर घरोघर असते, त्यांचं नाव द्यायचं होतं. पुढं मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही म्हणतात त्यांनाही ठाऊक आहे. आमच्या गावची वस्ती पेटवली ती काही परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी नाही. ज्यांच्या रानात मायनं वाकून वाकून कंबर मोडून घेतली, त्यांच्यातलीच काही होती. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्यानं आपल्या कडब्याच्या गंजीमागं वस्तीतल्या चार बायकांना लपवलं, तेही खरं. मला दोन्ही लक्षात आहे.

माय आधी बाहेर पडली होती. घरानं पेट घेतला तसं ती परत आत गेली. भांडी नाही, दाण्याची कणगी नाही, स्वतःचं बोचकंही नाही. लेकाचं शिक्षण आत राहिलं म्हणून ती गेली. एका कोपऱ्यात वाळलेलं गवत बांधून ठेवलेलं दिसलं, दुसऱ्या कोपऱ्यात फडक्यात बांधलेले छापील कागद. तिला वाचता येत नव्हतं. शिक्षण म्हणजे कागद, एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं, आणि तिच्या जागी असतं तर कुणीही तेच उचललं असतं. तिनं कागदांचं गाठोडं छातीशी धरलं आणि बाहेर आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला.

आम्ही पोचलो तेव्हा ती परभणीच्या सरकारी दवाखान्यात होती. हाताला पट्ट्या, आणि उशाला ते गाठोडं. कडा जळालेल्या, फडक्याला धुराचा वास. ह्यांना बघून ती आधी तेच बोलली, "तुजं शिकशन निघालं बग. घर गेलं तर जाऊ दे." ह्यांनी गाठ सोडली. वरचा पेपर उचलला, खालचा उचलला, मधे हात घातला. मी शेजारीच उभी होते. झाड एकही नव्हतं. नुसती रद्दी होती. ह्यांनी पुन्हा गाठ मारली, पहिल्यासारखीच, आणि म्हणाले, "सगळं वाचलं, माय." बाहेर व्हरांड्यात येऊन हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी फक्त पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होते.

माय आमच्याकडेच राहायला आली. गाठोडं माझ्या ट्रंकेत गेलं. मी कधी ट्रंक झाडायला काढली, फडकं धुऊन टाकते म्हटलं, की ती लगेच म्हणायची, ऱ्हाऊ दे, बांधलेलं ऱ्हाऊ दे. मला वाटायचं, तिचा त्या गाठोड्यावर फार जीव आहे. कधीकधी रागही यायचा. एवढ्याशा खोलीत रद्दीला देव्हाऱ्याचा मान.

ह्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मायला सांगितलं, अजून थोडं राहिलंय, ते गोळा करतो. दर रविवारी, दर सुट्टीला आम्ही निघायचो. एस.टी.नं चारठाण्याला, तिथल्या पडक्या देवळांच्या दगडांच्या सांदीत जे उगवतं ते आणायला. येलदरीच्या धरणाखाली, जिथं पाणी सोडलं की काठ सगळा हिरवा होतो. चुडाव्याला रेल्वेनं, कारण रुळाच्या खडीत कुठल्या कुठल्या मुलखाची बी पडून उगवते असं ह्यांचं म्हणणं. खांद्याला पत्र्याचा डबा झाडांसाठी, हातात कॅन पाण्यासाठी. पाणी आम्ही आमचंच न्यायचो. का, ते आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

गावात गेलं की माणसं जमायची. वैदू आलाय असंच त्यांना वाटायचं. कुणी गुडघे दाखवायचं, कुणी मूल पुढं करायचं. हे झाडाचं नाव विचारायचे आणि ते ह्यांचं. "तुमी कोणचे म्हणायचे?" हे गावाचं नाव सांगायचे. तेवढ्यानं कुणाचं समाधान व्हायचं नाही, पुन्हा विचारायचे. मग हे सरळ सांगून टाकायचे. कधी बोलणं तिथंच बंद पडायचं. कधी एखादा मेंढ्यामागचा धनगर काही न विचारता काठीनं उंच फांदी वाकवून द्यायचा, "ह्ये माजी बकरी तोंडातबी धरत न्हाई" म्हणायचा, आणि आपल्या वाटेनं जायचा. त्या दिवशी परतताना हे मोठ्या खुशीत असायचे.

पहिल्या वेळी मिळालेलं सगळंच पुन्हा मिळालं नाही. पूर्णेच्या काठची एक बारीक निळ्या फुलांची वेल होती. माझ्या हातानंच मी तिचे पेपर बदलले होते. ती ह्यांना पुन्हा दिसली नाही. दर श्रावणात हे त्याच जागी जायचे. तिथं आधी वाळूसाठी काठ खरवडला, मग गाजरगवत आलं. गाजरगवत आणायला मात्र कुठं जावं लागत नव्हतं, ते आमच्या दारातच उभं होतं.

मुलगी झाली. जरा मोठी झाल्यावर हे तिला पाट्यावर बसवायचे, वजन वाढावं म्हणून. ती तिथंच बसून पाढे म्हणायची. आमचं खरंच बरं चाललं होतं.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास काम पुरं झालं. झाडं जाड कागदावर दोऱ्यानं टाचून, चिठ्ठ्या चिकटवून, कपाटात रचून ठेवलेली. लिखाण टाइप करून आणलं. ह्यांचे गाईड म्हणाले, दिवाळीनंतर देऊन टाका. मी मनातल्या मनात पेढे वाटले. डॉक्टर झाले की पगार वाढेल, दोन खोल्यांचं घर बघता येईल, पलंगाखालची जागा मला मिळेल, असलं काय काय माझ्या डोक्यात होतं.

मायला हे सांगायला गेले. ती पडवीत डाव्या हातानं लसूण सोलत होती. उजव्या हाताची बोटं वाकत नव्हती. तिनं विचारलं, विद्यापीठाला नाव लागलं का. हे म्हणाले, अजून नाही. ती म्हणाली, "ज्या नावापायी आपलं घर जळालं, ते लागल्याबिगर त्या दारात जाऊ नगंस. लागलं की मग ताठ मानेनं जा." ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, म्हातारीचं मन राखलं. पण नाही. हे मायच्या तोंडून आपल्याच मनातलं ऐकत होते.

त्यावरून आमची भांडणं झाली. साधी नाही, अबोला धरण्यापर्यंतची. मी म्हटलं, नाव पाहिजे ते मलाही पाहिजे, मोर्च्यात मीही चालले आहे, मुलीला कडेवर घेऊन चालले आहे. पण तुमच्या कपाटातल्या गवतानं सरकारचं काय अडतंय? हे म्हणायचे, सरकारचं नाही अडत, माझं अडतं. पदवीच्या कागदावर जुनं नाव आलं तर तो कागद मायच्या हातात कसा देऊ? तिच्या त्या हातात? आता लागेल, पुढच्या अधिवेशनात लागेल, निवडणुकीनंतर लागेल, असं दर वर्षी कुणीतरी सांगायचं आणि आम्ही थांबायचो. गाईड रिटायर झाले.

थांबायला माणसं थांबतात, पण वाळलेलं झाड थांबत नाही. पावसाळा आला की कपाटात कसर धरायची. बारीक तपकिरी किडे फुलांचा भुगा करून टाकायचे. फूल गेलं की त्या झाडाला पुराव्याची किंमत उरत नाही. त्यावर इलाज म्हणजे विष. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मर्क्युरिक क्लोराइड, जुनी माणसं त्याला रसकापूर म्हणतात, तो स्पिरिटमधे विरघळवायचा आणि एकेका झाडावर ब्रशनं फिरवायचा. एरवी हे एकदा करायचं काम. झाडं विद्यापीठाच्या कपाटात गेली असती तर तिथल्या लोकांनी बघून घेतलं असतं. आमच्याकडे ते दर पावसाळ्याआधी व्हायचं. हे पडवीत बसायचे, उघड्या हातांनी, दिवसच्या दिवस. मला म्हणायचे, तू लांब राहा. मुलीला शेजारी पाठवायचे. म्हणजे ते काय आहे ते ह्यांना माहीत होतं. मी रबरी हातमोजे आणून दिले तर म्हणाले, त्यानं पाकळ्या मोडतात.

आधी पाय सुजले. मग सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसायला लागलं. जेवण जाईना. नांदेडला दाखवलं, औरंगाबादला नेलं. मूत्रपिंडं खराब झालीत म्हणाले. कशानं, ते छातीठोकपणे कुणी सांगितलं नाही. मी ब्रशचं, बाटलीचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असू शकतं. त्या दोन शब्दांचं मी काय करणार होते?

दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी माझा तोल गेला. माय ह्यांच्या पायाशी बसून म्हणत होती, नाव लागू दे, मग आपुन दोघं जाऊ, तुजे कागद घेऊन जाऊ. ते कागद, कागद ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, माय, तुम्ही काय वाचवलं ठाऊक आहे का. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ह्यांनी माझा हात धरला. त्या हातात जोर राहिला नव्हता, पण मी गप्प झाले. मायनंही, काय वाचवलं, असं विचारलं नाही. ती उठून पडवीत गेली. हे म्हणाले, "माझ्यामागंही सांगू नकोस. तिच्याजवळ तेवढंच आहे." मी रडत रडत हो म्हटलं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात हे गेले.

मग घरात आम्ही तिघी. मुलगी, मी आणि माय. ज्या बाईच्या शब्दावर माझा नवरा थांबून राहिला, तिच्याबरोबर रोज एका ताटलीत भाकरी मोडायची. मी तिला कधी टाकून बोलले नाही, पण मनातून माफही केलं नव्हतं. ती अंगणातलं गाजरगवत डाव्या हातानं उपटायची, तेवढंच काम तिला उरलं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात मी कपाट उघडलं नाही. त्यातल्या बाटलीकडे बघवत नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव लागलं. विद्यापीठाच्या आधीच्या नावासकट, पण लागलं. बंदोबस्त होता, शाळा बंद होत्या. आमच्या गल्लीत मात्र दिवाळी होती. माणसं नाचत होती, रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मीही गेले, नाचणाऱ्या बायकांत उभी राहिले आणि पाय हलेनात म्हणून परत आले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण तो आनंद कुणाला सांगायचा तो माणूस नव्हता. दारात माय बसली होती. तिनं विचारलं, नाव लागलं का. मी म्हटलं, लागलं. ती म्हणाली, "मग माजं गाठोडं काढ. आपुन नेऊन देऊ. त्यो न्हाई तर न्हाई."

मेलेल्या माणसाला कुणी पदवी देत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, पदवी कुणी मागितली, कागद तर देता येतेत. माझ्यासमोर ते गाठोडं, आणि त्यात सोळा वर्षांची शिळी रद्दी. ती घेऊन मी विद्यापीठात जायचं, तिथल्या लोकांनी गाठ सोडायची आणि मायसमोर म्हणायचं, बाई, ह्यात काहीच नाही.

दोन दिवसांनी माय तिळगुळाला वस्तीत गेली. मी दाराला कडी लावली आणि कपाट उघडलं. निम्मं किड्यांनी खाल्लं होतं. काही कागदांवर नुसता दोरा आणि चिठ्ठी शिल्लक होती. पण ह्यांनी शेवटच्या वर्षी विष लावलेली झाडं चांगली होती. मी हाताला फडकं गुंडाळून एकेक काढली. चारठाण्याच्या देवळामागचा तरवड, येलदरीच्या पाण्याकाठचा माका, चुडाव्याच्या रुळाजवळचा पिवळा धोत्रा. मग ट्रंकेतलं गाठोडं घेतलं आणि त्याची गाठ सोडली.

ते पेपर मी पहिल्यांदाच वाचले. सगळे त्या पावसाळ्याच्या आधीचे होते. कापसाचे भाव, मॅट्रिकचा निकाल, कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण, सिनेमाच्या जाहिराती. त्या कागदांत आमचं घर अजून उभं होतं, मायचा हात धड होता आणि हे नवे पत्रे आणायला परभणीला गेलेले होते. मी खूप रडले. मग पेपरांच्या घड्या उघडून एकेकीत एकेक झाड त्याच्या जाड कागदासकट ठेवलं. जास्तीचे पेपर बाजूला काढले, म्हणजे गाठोडं फुगायला नको. पूर्वी रोज संध्याकाळी करायचे तेच काम. ह्या वेळी पेपर बदलायचे ते शेवटचे. गाठ ह्यांनी मारली होती तशीच मारली.

गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघी औरंगाबादला गेलो. गाठोडं मायनं मला धरू दिलं नाही. कमानीपाशी तिनं मला नाव वाचायला लावलं, दोनदा. वनस्पतिशास्त्र विभागात एक वयस्कर प्राध्यापक भेटले. ह्यांचं काम त्यांना ऐकून ठाऊक होतं. मी सांगितलं, झाडं विषारी आहेत, हात जपून. त्यांनी टेबलावर गाठोडं घेतलं, गाठ सोडली आणि वरचा पेपर उघडला. आत तरवड होता. पिवळी फुलं मातकट झाली होती, पण एकही पाकळी गेलेली नव्हती. त्यांनी चिठ्ठी वाचली, दुसरा पेपर उघडला, तिसरा उघडला. काम किती निगुतीनं केलंय, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. मग त्यांचं लक्ष पेपरांच्या कडांकडे गेलं. हे जळलेले कसे, त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी मायनं पदराखालचा उजवा हात काढून टेबलावर ठेवला. प्राध्यापक उठून उभे राहिले. मी म्हटलं, "सासूबाईंनीच वाचवलं सगळं."

त्यांनी झाडं ठेवून घेतली. नावानिशी ठेवू म्हणाले, आणि ठेवली आहेत. फडकं मायनं परत मागून घेतलं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. मांडीवर फडक्याची घडी, घडीवर तो हात. जालना मागं गेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तरवड हुता व्हय त्यात? मला वाटायचं, गवत आतच जळालं. मी निस्ती कागदंच आणली."

सोळा वर्षं ती गाठ का सोडू देत नव्हती, त्या दुपारी काय वाचवलं असं तिनं का विचारलं नाही, ते मला तिथं एस.टी.त कळलं. आमच्या घरी येऊन रोज तिनं आम्हांला पेपर काढून टाकताना आणि झाड जपताना पाहिलं होतं. तिला कळायला किती वेळ लागणार होता? कळलं असेल त्या दिवसापासून ती ते एकटीच उरावर घेऊन बसली होती, आणि हे गेले तेव्हाही ते तिच्या उरावर होतंच.

मी तिचा हात माझ्या हातात घेतला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"सगळं निघालं होतं, माय," मी म्हटलं. "सगळं तुम्हीच काढलं."

तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर माळावर तरवड फुललेला होता.